फोटोत आजी कुठे आहे?

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांत एक फोटो असतोच असतो. भारतातून आई-बाबा आलेले असतात, जूनमधला शनिवार असतो आणि सगळे मिळून क्लिफ्स ऑफ मोहर बघायला गेलेले असतात. फोटोत कडे दिसतात, समुद्र दिसतो, पांढरंफेक आकाश दिसतं आणि खाली मध्यावर दोन काळसर ठिपके दिसतात. ते आई-बाबा. आईने साडीवर सुनेचं जॅकेट चढवलंय, बाबांनी माकडटोपी घातलीय, हे आपल्याला माहीत असतं म्हणून आपल्याला ओळखू येतं. फोटो साताऱ्याच्या मावशीला पाठवला की तिचा फोन येतो, "देखावा छान आहे रे, पण ताई कुठाय यात?"

प्रस्तुत लेख मावशीच्या या प्रश्नाविषयी आहे. फोटोग्राफीवर पुस्तकं रग्गड आहेत, क्लासेस आहेत, व्हिडिओ तर विचारूच नका. पण उत्तर अक्षांश त्रेपन्नवर, ढगाळ आभाळाखाली, सावळ्या माणसांचे फोटो कसे काढावेत हे त्यांतलं क्वचितच कोणी सांगतं. आपली गरज नेमकी तेवढीच. आई-बाबांचा व्हिसा फार तर नव्वद दिवसांचा, आणि दर खेपेला विमानाच्या पायऱ्या त्यांना थोड्या जास्त उंच वाटू लागतात. कडे पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहेत. तेव्हा फोटो कोणाचा काढायचा हे आधी ठरवून टाकू आणि मग कसा काढायचा ते पाहू.

आधी ते ठिपके काळे का येतात ते समजून घेऊ. इथे माझ्यातला इंजिनिअर थोडा वेळ बोलणार आहे, चालवून घ्या. कॅमेऱ्याला, मग तो हजार युरोंचा असो की फोनमधला, समोर काय आहे ते मुळात कळत नसतं. त्याला फक्त उजेड मोजता येतो. समोरचं जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. जुने फोटोग्राफर अठरा टक्के प्रकाश परावर्तित करणारं करडं कार्ड जवळ बाळगायचे, ते हेच. आता आयर्लंडचं ढगाळ आकाश म्हणजे क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरलेली ट्यूबलाइट. फ्रेमचा निम्म्याहून जास्त भाग तिने भरला की कॅमेरा म्हणतो, फारच उजेड झाला बुवा, कमी करा. तो सगळंच अंधारं करतो. आकाश करडं होतं आणि त्याच्यापुढे उभी असलेली आई काळी पडते. अलीकडचे फोन चेहरा ओळखून बरीच सारवासारव करतात, पण चेहरा ठिपक्याएवढा असेल तर तेही हात टेकतात.

उपाय अगदी साधा आहे. फोनच्या पडद्यावर आईच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. बऱ्याच फोनवर शेजारी एक छोटा सूर्य उमटतो. बोटाने तो वर सरकवा, चेहरा नीट दिसेपर्यंत. बोट दोन सेकंद दाबून धरलं तर अनेक फोनमध्ये ते माप कुलूपबंदही होतं. मोठा कॅमेरा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची चकती अधिक एकवर न्या, आकाश फारच पांढरं असेल तर दीडवर. आकाश उडेल, म्हणजे नुसतं कोरं पांढरं येईल. येऊ द्या. तसंही ते पांढरंच होतं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे आकाशच फ्रेममधून काढून टाकायचं. पुढे जा. अजून पुढे. चेहरा आणि खांदे एवढंच दिसेल इतके जवळ जा. आपल्याकडे माणसांचे फोटो पायाच्या नखापासून घ्यायची एक रीत आहे. त्यात चपला फार छान येतात.

आता आपण ज्याला नावं ठेवतो त्या ढगांबद्दल. पुण्यात जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, पंच्याऐंशी अंशांवर असतो. डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली, नाकाखाली सावली, आणि माणूस डोळे किलकिले करून कसाबसा हसतोय. चेहऱ्यासाठी याहून वाईट उजेड नाही. लग्नाच्या शूटिंगला भारतातले फोटोग्राफर पांढरं कापड ताणलेल्या मोठाल्या छत्र्या कशाला नेतात? उजेड मऊ करायला. आयर्लंडमध्ये ती छत्री वरूनच ताणलेली असते, आणि भाडं पडत नाही. ढगातून झिरपलेला उजेड सुरकुत्यांवर हळुवार पडतो, सावल्या कडक होत नाहीत, साडीच्या जरीवर भगभगीत चमक येत नाही. फक्त माणसाला त्या उजेडाकडे तोंड करून उभं करायला हवं.

मोहरचेच कडे घ्या. ते दोनशे चौदा मीटर उंच आहेत आणि पश्चिमेला, अटलांटिककडे तोंड करून उभे आहेत. म्हणजे सकाळी कड्यांवर सावली आणि दुपारनंतर उजेड. डब्लिनहून सकाळी निघालेली बस साधारण दुपारी पोहोचते ते बरंच आहे. आई-बाबांना समुद्राकडे पाठ करून उभं केलं की सगळा उजेड त्यांच्या पाठीवर जातो. त्यांना समुद्राकडे तोंड करून उभं करा. मागे हिरवं कुरण येईल, पायवाटेला लागून उभ्या केलेल्या लिस्कॅनरच्या फरशांची भिंत येईल, आणि चेहऱ्यावर सबंध पश्चिमेचा उजेड येईल. शिवाय पहिल्यांदाच एवढा समुद्र बघणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो तेही येईल. कड्यांचा वेगळा फोटो घ्या हवा तर. मात्र फोटो काढणाऱ्याने भिंतीच्या अलीकडेच राहायचं. तिथला वारा कोणाला ओळखत नाही.

आता सावळ्या माणसांबद्दल दोन शब्द, कारण हा विषय सहसा कुणी काढत नाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी एक नमुन्याचा फोटो पाठवत असे. १९५० च्या दशकातल्या पहिल्या नमुन्यांत शर्ली नावाची कंपनीतलीच एक गोरी बाई होती, आणि पुढे बाया बदलल्या तरी त्या कार्डाचं नाव 'शर्ली कार्ड'च राहिलं. शर्ली नीट आली की मशीन बरोबर. मग काळ्या-सावळ्या माणसाचा चेहरा दात आणि डोळे सोडून अंधारात गेला तरी मशीन बरोबरच. गंमत अशी, की यात सुधारणा होण्यामागे माणसांच्या तक्रारींइतकाच चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींचा हात होता, असं या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदवलंय. गडद चॉकलेट आणि साधं चॉकलेट फोटोत सारखंच दिसतं म्हणून त्या वैतागल्या होत्या. अगदी २०२१ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल फोनमध्ये सावळ्या-काळ्या त्वचेचे रंग खरे यावेत म्हणून खास सोय केल्याची जाहिरात केली. म्हणजे तोवर ते पुरेसे खरे येत नव्हते, हे त्यांनीच मान्य केलं म्हणायचं.

पण कंपन्यांना बोल लावताना आपल्या घरातही जरा पाहू. कित्येक फोनमध्ये चेहरा गुळगुळीत आणि उजळ करणारी सोय असते, काहींत ती आपोआप चालू असते. नातीचा फोटो त्यातून काढून आजीला पाठवायचा आणि आजीने "रंग उजळला हो तिकडच्या हवेने" म्हणायचं, हा प्रकार मला पसंत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती सोय आधी बंद करा. आजीच्या कपाळावरची गोंदणाची हिरवी खूण त्या गुळगुळीतपणात पहिली पुसली जाते.

सावळी त्वचा उजेडात फार देखणी दिसते, फक्त उजेड बाजूने यायला हवा. घरातली सर्वांत चांगली जागा म्हणजे खिडकी. खोलीतला दिवा बंद करा, आजीला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर खिडकीला काटकोनात बसवा आणि हातात काहीतरी काम द्या. मेथी निवडू दे, वाती वळू दे. "आजी, इकडे बघ, हस" म्हटलं की आमची पिढीच काय, त्यांची पिढीही लाकडी होते. त्यांच्या लहानपणी फोटो म्हणजे स्टुडिओ, मागे रंगवलेला महाल, आणि श्वास रोखून बसणं. काम दिलं की हात चालू राहतात आणि चेहरा सुटतो. हातांचाही एक फोटो घ्या. पुढे त्या हातांची फार आठवण येते.

हिवाळ्यात तर खिडकी सोडून गत्यंतर नाही. डिसेंबरच्या एकवीस तारखेला डब्लिनमध्ये सूर्य साडेआठनंतर उगवतो, चार-सव्वाचारला मावळतो, आणि भर दुपारीदेखील क्षितिजापासून जेमतेम तेरा अंश वर असतो. पुण्यात त्याच दिवशी तो अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. तेरा अंश म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर सव्वा मूठ. ऊन पडलंच तर दिवसभर तिरपं आणि सोनेरी पडतं, जसं आपल्याकडे संध्याकाळी पाचनंतर पडतं तसं. डिसेंबरात ऊन दिसलं की स्वयंपाक तसाच टाकून पोरांना घेऊन बाहेर पडावं. फिनिक्स पार्कात त्या उन्हात हरणांच्या अंगाभोवती सोनेरी कड येते. त्यांना खायला घालू नका, जवळही जाऊ नका, लांबूनच काढा.

उन्हाळ्यात उलटा प्रकार. जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो आणि तिरपा उतरत असल्यामुळे नंतरही पाऊणएक तास उजेड रेंगाळतो. आपल्याकडे सूर्य सरळ खाली बुडतो, दिवेलागणीला वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. म्हणून फोटोची वेळ जेवणानंतरची. मुलं झोपायला कुरकुरतातच, मग त्यांना हाउथच्या बंदरावर न्यायला काय हरकत आहे?

पाऊस हा तर इथला घरचाच. पाऊस पडताना कॅमेरा पिशवीत, पण थांबल्यावर पहिल्या दहा मिनिटांत बाहेर. ओल्या फरशीवर दुकानांचे दिवे पडतात, डब्लिनच्या जुन्या दारांचे लाल-निळे रंग गडद होतात. ओल्या पानांवरची पांढरट चमक घालवायची असेल तर मोठ्या कॅमेऱ्याला पोलरायझर नावाची फिरती काच मिळते. या देशात एकच फिल्टर घ्यायचा असेल तर तो घ्यावा. भिजलेली हिरवाई त्यातून पाहिली की कोकणची आठवण येते.

आणि इंद्रधनुष्य! पोरांना एक सोपा हिशेब शिकवून ठेवा. सूर्याकडे पाठ करायची, आपल्या डोक्याच्या सावलीपासून बेचाळीस अंशांवर धनुष्य. सूर्य बेचाळीस अंशांच्या वर गेला की ते जमिनीवरून दिसतच नाही. म्हणून पुण्यात जुलैमध्ये साडेनऊ ते चार त्याची आशा नको. डब्लिनमध्ये सप्टेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत सूर्य बेचाळीसच्या वर जातच नाही, त्यामुळे दिवसभरात केव्हाही संधी. पोलरायझर लावला असेल तर तो हळूहळू फिरवून पाहा. एका जागी धनुष्य ठळक होतं, दुसऱ्या जागी चक्क गायब होतं.

आता मंडळाचा गणेशोत्सव. हॉल भाड्याचा, छतावर ट्यूब, खिडकीतून निळसर उजेड, आणि गणपतीपुढे समई नि निरांजन. तीन प्रकारच्या उजेडांत कॅमेरा गोंधळतो आणि फोटोत कोणी हिरवं, कोणी पिवळं दिसतं. आरतीच्या वेळी सभागृहातले निम्मे दिवे बंद करावेत अशी कार्यकारिणीला या लेखातून जाहीर विनंती. फ्लॅश तर मुळीच नको. निरांजनाचा उजेड चेहऱ्यावर पडतोय म्हणून आपण फोटो काढतोय, आणि फ्लॅश नेमका तोच पुसून टाकतो. मात्र ज्योतीचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. दोन फुटांवर जो उजेड असतो त्याचा चौथा हिस्सा चार फुटांवर उरतो. म्हणून ज्याचा फोटो घ्यायचा त्याने तबक स्वतः धरलेलं बरं. फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर तो दिव्यांचा गुण आहे. इथली वीज भारतासारखीच पन्नास हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर एक शंभरांश किंवा एक पन्नासांश सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात.

तंत्र एवढं पुरे. फोटो काढून झाल्यावर त्यांचं काय होतं, ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं. आमच्या वडिलांच्या पिढीत आग्फा क्लिक-थ्री नावाचा डबा कॅमेरा घरोघरी असे. रोलमध्ये बारा फोटो. बारसं, मुंज आणि महाबळेश्वर एकाच रोलमध्ये बसायचं. पण ते बारा अल्बमात चिकटवलेले असायचे आणि आजही आहेत. आपल्या फोनमध्ये बारा हजार आहेत आणि फोन पाण्यात पडला की शून्य.

या बाबतीत आयर्लंडचीच दोन उदाहरणं सांगण्यासारखी आहेत. कॉर्कचा फ्रॅन्सिस ब्राऊन नावाचा तरुण जेझुइट १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिकवर चढला. तिकीट बिशप काकांनी भेट दिलेलं, साउदॅम्प्टन ते क्वीन्सटाउन, म्हणजे आजचं कोव, एवढंच. बोटीवर ओळख झालेल्या एका अमेरिकन जोडप्याने न्यूयॉर्कपर्यंतचा खर्च करायची तयारी दाखवली. त्याने वरिष्ठांकडे परवानगी मागितली, तर त्यांची रोकडी तार आली की बोटीवरून उतर. तो उतरला, आणि त्याच्याबरोबर त्याचे फोटोही. डेकवर भोवरा फिरवणारा मुलगा त्यातच आहे. बोटीच्या वायरलेस खोलीचा फोटो एकावर एक असा दुहेरी उमटलाय, आजच्या हिशेबाने तो आपण तिथल्या तिथे डिलीट केला असता. त्या खोलीचा जगात तेवढा एकच फोटो आहे. पुढे फादर ब्राऊन आयुष्यभर फोटो काढत राहिले आणि १९६० मध्ये वारले. त्यांच्या सुमारे बेचाळीस हजार निगेटिव्ह एका ट्रंकेत पडून होत्या, त्या १९८० च्या दशकाच्या मध्यात फादर ओडॉनेल या दुसऱ्या जेझुइटांच्या हाती लागल्या. बहुतेक निगेटिव्हना तारखा आणि मथळे होते, म्हणून त्यांची संगती लावता आली.

दुसरे आर्थर फील्ड्स. हे १९३० च्या दशकापासून पन्नासहून अधिक वर्षं डब्लिनच्या ओकॉनेल ब्रिजवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढायचे. एक लाख ऐंशी हजारांहून जास्त फोटो काढले असतील असा अंदाज आहे. निगेटिव्ह ठेवल्याच नाहीत. मग २०१४ च्या सुमारास काही मंडळींनी लोकांनाच आवाहन केलं आणि घराघरांतल्या ड्रॉवरांतून, बिस्किटांच्या डब्यांतून हजारो फोटो बाहेर आले. ते टिकले कारण प्रत्येकाने पैसे देऊन कागदावरची प्रत घरी नेली होती. डब्लिनच्या टेंपल बारमध्ये मीटिंग हाउस स्क्वेअरला राष्ट्रीय फोटो संग्रहालय आहे, एखाद्या पावसाळी रविवारी मुलांना घेऊन जरूर जा. अनोळखी चेहऱ्यांपुढे माणसं किती वेळ उभी राहतात ते पाहण्यासारखं आहे.

तेव्हा वर्षातून एकदा, दिवाळीनंतरच्या एखाद्या शनिवारी, घरातल्या सगळ्यांनी बसून वर्षभरातले पन्नास फोटो निवडावेत आणि कागदावर छापून घ्यावेत. दोन प्रती, एक इथे, एक भारतात. वॉट्सॲपवर नुसता ढकललेला फोटो आकसलेला असतो, छापण्यासाठी मूळ फाइल द्या. मूळ फाइल्स दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि त्यांतलं एक ठिकाण घराबाहेरचं असू द्या. निवडताना आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर असतील तर आणखी चांगलं. फोटोतल्या चुलत आत्याचं नाव त्यांनाच माहीत असतं.

फोटोच्या पाठीवर लिहायचं विसरू नका. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उठतात, आणि हल्लीच्या चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नाही. फोटोच्या अल्बमसाठी न पुसणारं बारीक टोकाचं पेन मिळतं ते आणा. नुसतं 'आजी, मोहर' असं लिहू नका. आजी कोणाची, हे पन्नास वर्षांनी कोण सांगणार? तिचं पूर्ण नाव, माहेरचं नाव, गाव, तारीख, आणि फोटो कोणी काढला तेही लिहा.